अंजनीची साथ

"तिचं नाव या खोलीत घ्यायचं नाही, बेबीताई! एकदा सांगितलं ना!"

अंजनीनं हातातला पेला इतक्या जोरानं ओट्यावर आदळला, की अर्धा चहा बेबीताईंच्या पदरावर उडाला. शेजारच्या बिऱ्हाडातल्या बेबीताई बिचाऱ्या तिला महिला मंडळात घेऊन जायला आल्या होत्या. बोलता बोलता त्यांच्या तोंडून एवढंच निघून गेलं होतं, की तिथं भजनाला इंदू असते, तुझी सख्खी बहीण…

"अच्छा बाई, नाही घेत," पदर झटकत बेबीताई म्हणाल्या. "पण तू काहून अशी भिंतीकडे तोंड करून बसून राहिली? रिटायर झाली तरी कारखान्याचा भोंगा वाजला की उठते, वेणीफणी करते आन् मंग दिवसभर खाटेवर बसते! कोणाशी बोलणं नाही, चालणं नाही. अशानं माणूस खचते, पाहून घे."

"खचू दे."

पण बेबीताई गेल्या आणि खोलीतली शांतता अंजनीच्या अंगावर आली. त्या दिवशी सकाळपासून तिनं उच्चारलेले शब्द तेवढेच होते, आणि तेही रागाचे! सारं आयुष्य दुसऱ्यासाठी झिजवलं, आणि एकही माणूस आज तिच्या उंबरठ्याशी नव्हतं… आणि या एकाकीपणाला कारण एकच. इंदू!

पटकीच्या साथीत आईवडील गेले तेव्हा अंजनी सतरा वर्षांची होती आणि इंदू पाच. दीक्षितपुऱ्यातल्या त्याच खोलीत अंजनीनं लोकांचे कपडे शिवून बहिणीला वाढवलं, शाळेत घातलं, तिचा गळा गोड म्हणून गाणं शिकवलं. पुढं महायुद्ध पेटलं, लष्करी गणवेश शिवण्याच्या कारखान्यात बायकांची भरती सुरू झाली आणि अंजनी तिथं मशीनवर बसली. आलेली स्थळं तिनं एकामागून एक परत पाठवली. इंदूला सोडून ती जाणार कुठं? मात्र त्रेचाळीस साली, तिच्या बत्तिसाव्या वर्षी, रेल्वेच्या कचेरीतला रत्नाकर आपल्या आईला घेऊन तिला पाहायला आला. शांत, सालस, तिशी उलटलेला माणूस. निघताना त्यानं वळून पाहिलं, आणि इतकी वर्षं निजवून ठेवलेलं अंजनीचं मन त्या एका दृष्टिक्षेपानं जागं झालं!

आठवड्यानं निरोप आला, तो धाकटीला मागणी घालणारा.

वय उलटलं आपलं, दुसरं काय… असं म्हणून अंजनीनं अश्रू गिळले, इंदूला होकार द्यायला लावला आणि आपल्या हातानं शिवलेली चोळी घालून तिला रत्नाकरच्या शेजारी पाटावर बसवलं. त्या त्यागाचंही तिला समाधान होतं. पण दोन वर्षांनी इंदूच्या बंडूच्या बारशाला रत्नाकरची आई सहज बोलून गेली, "तुम्हालाच संसार नको होता ना हो अंजनीबाई? इंदूनं येऊन सांगितलं आम्हाला, ताईला लग्नच करायचं नाही म्हणून. नाहीतर आमच्या मनात तुम्हीच होता."

अंजनीनं मांडीवरचं बाळ पाळण्यात ठेवलं, आणि ती चालू लागली. त्यानंतर इंदू दाराशी येऊन रडली, सणावारी डबे पाठवत राहिली, रत्नाकर वारला तेव्हा बंडूला घेऊन एकटी पडली… पण दार उघडलं नाही ते नाहीच!

बेबीताईंच्या पदरावर चहा उडाला, त्याच्या पुढच्याच आठवड्यात अंजनी मंडळात गेली. बेबीताईंना वाटलं, आपलं बोलणं लागलं. पण अंजनी गेली होती ती इंदूला पाहायला. वैऱ्याचं घर दुरून न्याहाळावं तशी. पांढऱ्या पातळातली इंदू पेटीवर बोटं फिरवत गात होती, आणि साऱ्या बायका माना डोलवत होत्या. गाता गाता तबल्यावरच्या विष्णूचा हात घसरला आणि इंदू क्षणभर भांबावली, तिचा चेहरा पांढराफटक पडला. विष्णूनं लगेच सावरून घेतलं. कुणाच्या ते ध्यानातही आलं नाही. पण अंजनीच्या अंतःकरणात वीज चमकून गेली. गाणाऱ्याचा प्राण साथ करणाऱ्याच्या हातात असतो तर!

देवळाच्या ओसरीवर रोज दुपारी गणपत मास्तर म्हाताऱ्यांना तबला-पेटी शिकवत. रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त झाल्यावर त्यांनी हा उद्योग मांडला होता. अंजनी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"मला तबला शिकायचा आहे."

ओसरीवर हशा पिकला. "बाईमाणूस आन् तबला? आणि या वयात?" कोणीतरी म्हणालं.

मास्तर हसले नाहीत. "कशासाठी शिकता, अंजनीबाई?"

"वेळ जात नाही म्हणून," ती खोटं बोलली.

ती शिकली! सुरुवातीला बोटं सुजली, मनगट ठणकलं, डग्ग्यावर हात पडे तो लाकडासारखा… पण प्रत्येक थापेबरोबर तिला इंदूचा तो पांढराफटक चेहरा दिसे आणि अंगात बळ येई. मात्र एक नवल झालं, जे तिला मुळीच नको होतं. ओसरीवरची माणसं तिची वाट पाहू लागली. एखाद्या दिवशी ती गेली नाही तर कोणीतरी विचारायला येई. पेटी शिकणाऱ्या एका पेन्शनर आजोबांचे सूर चुकले की ती पोट धरून हसे. संक्रांतीला सगळे मिळून नर्मदेच्या ग्वारीघाटावर गेले, नावेत बसून तीळगूळ खाल्ला, आणि घरी परतताना आपण गुणगुणतो आहोत हे ध्यानात येताच तिनं स्वतःला दटावलं. हे सुख भोगायला नाही आलीस तू! विसरू नकोस!

ती विसरली नाही. दोन वर्षं ती थांबली.

एकाहत्तरचा डिसेंबर उजाडला, लढाई पेटली. शहरातले कारखाने रात्रंदिवस धडधडू लागले, संध्याकाळ झाली की दिवे बंद होऊ लागले. जवानांसाठी लोकरी कपडे जमवायला मंडळानं दुपारी भजनाचा कार्यक्रम ठेवला. विष्णूला कारखान्यातून ओव्हरटाइममुळे सुटका मिळेना. गणपत मास्तरांचा हात मुरगळलेला. मास्तर म्हणाले, "अंजनीबाई, तुम्ही बसा."

अंजनीनं तबला पुढ्यात ओढला. देवा… अखेर!

इंदू आली, तबल्यापाशी बसलेल्या बहिणीला पाहून दारातच थबकली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "ताई, तू? माझ्या साथीला?" अंजनीनं मान वर केली नाही. ती हातोडीनं तबला ठोकून सुरात लावत राहिली.

नर्मदामाईचं भजन सुरू झालं. पहिलं कडवं अंजनीनं नितळ साथ केली. इंदूचा आवाज फुलत गेला. वर जाऊ दे तिला, आणखी वर… म्हणजे पडेल ती उंचावरून! दुसऱ्या कडव्याला अंजनीनं लय किंचित वाढवली. इंदू हसून मागोमाग आली. अंजनीनं आणखी वाढवली. इंदूला दम लागला, शब्द एकमेकांवर आदळू लागले, बायकांना वाटलं रंग चढतो आहे. मग अंजनीनं एकाएकी हात आखडला आणि ठेका वाकडा टाकला. इंदूची सम चुकली. तिनं पुन्हा ओळ धरली, पुन्हा चुकली. पुढच्या रांगेत कुजबुज झाली, मागून कुणीतरी फिसकन हसलं.

इंदू थांबली. चेहरा पांढराफटक… अगदी हवा तसा! अंजनी आनंदाची वाट पाहत राहिली. इतकी वर्षं ज्या क्षणासाठी रक्त आटवलं तो क्षण समोर होता, आणि छातीत नुसती राख उडत होती.

"ताई," इंदू हळूच म्हणाली, "मी चुकले."

"केव्हा?" अंजनीच्या ओठांतून आगीसारखा शब्द निघाला. "केव्हा चुकलीस, इंदे?"

इंदूनं पेटीचा भाता मिटला.

"त्रेचाळीस साली."

पुढच्या रांगेतल्या बेबीताईंनी तोंडाला पदर लावला.

"मला तुझा नवरा नको होता गं ताई! तू सासरी गेलीस तर माझं कोण उरणार, या भीतीनं मी वेडी झाले होते. म्हणून जाऊन सांगून आले, ताईला लग्न नाही करायचं. वाटलं, ते लोक निघून जातील, तू माझ्यापाशी राहशील… त्यांनी मलाच मागणी घातली! आणि तू म्हणालीस, स्थळ चांगलं आहे, हो म्हण. तुझ्यापुढे मी कधी नाही म्हटलं होतं? खरं सांगायची हिंमत झाली नाही. तुला धरून ठेवायला गेले, आणि जन्माची गमावून बसले…"

अंजनीला वीस वर्षांची इंदू दिसली. रात्री झोपेतही तिचा पदर मुठीत धरणारी. दीक्षितपुऱ्यातल्या खोलीत आपण एकट्या राहिलो म्हणून आपण जळत होतो, आणि त्या भरल्या घरात ही? हिलाही कोणी नव्हतं! संतापाचा डोंगर एका शब्दानं वितळत नाही. तो तिच्या उरात तसाच होता. पण त्याच्या पायथ्याशी कुठंतरी पाणी फुटलं.

"लोक बसले आहेत," ती म्हणाली. "डोळे पूस. पहिल्यापासून गा."

"नाही जमणार ताई…"

"जमेल. मी आहे ना!"

आणि अंजनीनं संथ, भरदार ठेका धरला. इंदूचा आवाज आधी फाटला, अडखळला; जिथं तो अडखळेल तिथं अंजनीचा हात थांबून वाट पाही, आणि मग तिला अलगद समेवर आणून सोडी. भजन संपलं तेव्हा कुणाला टाळ्या वाजवायचं भान नव्हतं.

मागच्या रांगेतून गणपत मास्तर पुढं आले. त्यांचा चेहरा कठोर होता. "दुसऱ्या कडव्याला तुम्ही जे केलं, ते मी ऐकलं, अंजनीबाई. यासाठी विद्या दिली नव्हती मी."

अंजनीनं त्यांच्या पायावर डोकं ठेवलं. "उद्यापासून ओसरीवर येणार नाही, मास्तर. तोंड नाही मला."

"काहून नाही येणार? यावंच लागेल! हात तयार झाला, मन कच्चं राहिलं. आता ते शिकायचं. चलो, उठा."

अंधार पडून दिवे बंद व्हायच्या आत घर गाठायला हवं होतं. दोघी बहिणी दीक्षितपुऱ्याच्या गल्लीतून भराभर चालत आल्या. अंजनीनं कुलूप काढलं. इंदू बाहेरच उभी राहिली. त्या दाराशी उभं राहून रडायची तिला सवय होती, आत यायची नव्हती.

"ये आत," अंजनी म्हणाली. "पण मी काही विसरलेली नाही, हे ध्यानात ठेव."

"नको विसरूस, ताई. बोल, भांड, मार… पण अशी मुकी नको राहूस गं!"

अंजनीनं स्टोव्ह पेटवला, चहाचं आधण ठेवलं, आणि पाठमोरीच ती बोलू लागली. पटकीच्या साथीपासून, पहिल्या शिवलेल्या झबल्यापासून, एकेक वार, एकेक जखम… आवाज चढत गेला, शेजारच्या बेबीताईंनी दचकून कान दिला. अठ्ठावीस वर्षांचं भांडण अंजनीनं अगदी सुरुवातीपासून काढलं होतं, आणि खाटेवर पाय पोटाशी घेऊन बसलेली इंदू आसवं गाळत, हसत, त्यातला शब्द न् शब्द ऐकत होती.