फोटोतून गेलेली बहीण

"वहिनी, माझी बहीण नाहीशी झाली!"

दारात उभे असलेले नाना इतके घामाघूम झाले होते की वहिनींनी आधी त्यांना खुर्ची दिली. वहिनी खाजगी तपासनीस. खऱ्या वहिनी त्या एकट्या भाऊजींच्या, पण गावभर सगळे त्यांना वहिनीच म्हणत. भाऊजी म्हणजे त्यांचे धाकटे दीर आणि स्वयंघोषित मदतनीस.

"कधीपासून?" भाऊजींनी पेन्सिल सरसावली.

"काल दुपारपासून."

"पोलिसांत कळवलंत?"

"अहो, फोटोतून नाहीशी झाली!"

भाऊजींनी पेन्सिल खाली ठेवली. वहिनींनी मात्र खुर्ची पुढे ओढली.

नाना निवृत्त नकाशेकार. थोरले दादा आणि धाकटी बहीण यांचं जुनं भांडण. ती घर सोडून दूर देशी निघाली, तेव्हा दादा निरोप द्यायला खालीसुद्धा उतरले नाहीत. ती रुसली, हे फुगले, आणि वर्षं गेली. आता उद्या ती येणार होती. नानांना तिला एक भेट द्यायची होती: घरच्या पायरीवर काढलेल्या फोटोत तिलाही उभं करून, सगळं कुटुंब एका चौकटीत.

"म्हणून या वयात फोटो एडिटिंग शिकलो," नाना म्हणाले. "पहिलं सॉफ्टवेअर घेतलं त्यात बटणं इतकी, की विमान उडवायला बसल्यासारखं वाटलं. दुसरं फोनवरचं. त्याने दादाचे गाल गुलाबी करून टाकले! तिसरं फुकटातलं, पण त्यात एकावर एक थर ठेवता येतात, आमच्या ट्रेसिंग पेपरांसारखे. म्हटलं, हेच आपलं. बहिणीने परवा नवा फोटो पाठवला, खाली घरचा फोटो, त्यावर चुकलं तर असावी म्हणून त्याचीच एक प्रत, आणि सगळ्यात वरच्या थरावर बहिणीला कापून चिकटवलं. कुणाला दाखवला नाही. काल दुपारी सेव्ह करून, तसंच उघडं ठेवून जरा आडवा झालो. उठून बघतो तर प्रोग्रॅम बंद. उघडला, तर बहीण गायब!"

"संशय?"

"दादाचा," नाना हळूच म्हणाले. "तसं निघालं, तर उद्या त्याने तिच्यासमोर येऊ नये. आणि मग तो कायमचाच तुटेल, वहिनी."

नानांच्या खोलीत संगणकावर फोटो उघडा होता. पायरीवर डावीकडून दादा, नाना आणि नानांची बायको. उजव्या टोकाला नुसती भिंत.

"मागे फिरायचं बटण दाबून दाबून बोट दुखलं," नाना म्हणाले. "काही परत येत नाही."

भाऊजी पडद्याला नाक लावून बघत होते. कडेला तीन चिमुकल्या चौकटींची उतरंड होती. "नाना, हे यंत्र माझ्याकडे दोन डोळे वटारून बघतंय."

"ते तिथे असतातच. सवय होईल."

वहिनींनी चौकटी पाहिल्या, डोळे पाहिले आणि चहा मागितला.

चहा घेऊन काकू, म्हणजे नानांची बायको, आल्या त्या फणफणतच. "मी कशाला हात लावू त्या डबड्याला? एकदा पुसायला गेले तर मलाच प्रश्न विचारायला लागलं. यंत्राने काही विचारलं की माझं उत्तर एकच: नाही! यांनाही तेच सांगते. भाऊजींचं बघा ना."

"माझं?" भाऊजी दचकले.

"तुमचं नाही हो, आमच्या दादांचं. फोन विचारतो आणि ते हो म्हणत सुटतात. आता त्यांचा फोन कुठल्या भाषेत बोलतो, देव जाणे!"

नानांना शिकवणारा स्टुडिओवाला काल फोटोची चौकट द्यायला येऊन गेला होता. त्याला बोलावलं, तर तो हसायलाच लागला.

"मी यांना कापायला नि चिकटवायला शिकवलं. बाकीचं उद्या म्हटलं, तर हे पसार! आणि वहिनी, मी कुणाला घालवलं तर मागमूस राहत नाही. परवाच नवरदेवाच्या डोक्यातून उगवलेला विजेचा खांब मुळासकट उपटला."

उरले दादा. ते वरच्या खोलीत भिंग धरून वर्तमानपत्र वाचत होते.

"मला त्या फोटोशी कर्तव्य नाही," ते गुरगुरले. "इतक्या वर्षांत मी तिचं तोंड पाहिलेलं नाही."

"मग उद्या ओळखाल कसं?" वहिनींनी सहज विचारलं.

"न ओळखायला काय झालं? एक बट पांढरी झाली म्हणून माणूस बदलतं का?"

वहिनी गोड हसल्या. "चला, सगळेच खाली चला."

खाली आल्यावर भाऊजी कुजबुजले, "स्टुडिओवालाच. हसतो फार."

"भाऊजी, त्याने केलं असतं तर मागमूस राहिला नसता. इथे तर आख्खी बहीण राहिली आहे." वहिनी सगळ्यांकडे वळल्या. "चौकटी तीन आणि डोळे दोन. प्रत्येक थराला एक डोळा असतो. डोळा उघडा, तर थर दिसतो. मिटला, तर तो लपतो. कुणी तिला पुसलं नाही. कुणीतरी तिचा डोळा मिटला, आणि नेमकं तेवढंच नानांना कुणी शिकवलं नव्हतं."

"अरेच्चा!" स्टुडिओवाल्याने कपाळावर हात मारला.

"मग प्रोग्रॅम बंद करताना त्याने विचारलं, बदल सेव्ह करू? काकू असत्या तर नाही म्हणाल्या असत्या, आणि बहीण जागेवर राहिली असती. इथे कुणीतरी हो म्हणालं. या घरात यंत्राला हो कोण म्हणतं? आणि नाना, बहिणीच्या केसांत पांढरी बट आहे का?"

"आहे, पण ती तर नव्या फोटोतच..." नाना थबकले. "दादा, तुला कशी ठाऊक?"

दादांनी हातातलं भिंग टेबलावर ठेवलं.

"बघायला आलो होतो तिला," ते म्हणाले. "बारीक दिसत होती. शेजारी डोळ्याचं चित्र होतं. वाटलं, ते दाबलं की नीट दिसेल. दाबलं, आणि ती गेली! घाबरून सगळं बंद केलं, काय विचारलं त्याला हो म्हटलं. पहिल्यांदा हट्टापायी घालवली होती, दुसऱ्यांदा ही अशी."

नानांना इतकी लाज वाटली आणि इतका आनंद झाला, की त्यांनी सरळ भावाचा हात धरून माउसवर ठेवला.

"त्याच जागी दाबा," वहिनी म्हणाल्या.

दादांनी दाबलं. उजव्या टोकाला बहीण हसत उभी राहिली, पांढऱ्या बटेसकट. काकूंनी चक्क टाळ्या वाजवल्या.

"इतक्या टोकाला का उभी केलीस रे?" दादांनी विचारलं.

"तू शेजारी उभी करू दिली असतीस?"

"सरकवता येते का?"

स्टुडिओवाल्याने दाखवलं. दादांनी जीभ दातांत धरून बहिणीला ओढत आणलं, काकूंवरून, नानांवरून, थेट स्वतःपाशी. नेम चुकला आणि तिने दादांचा अर्धा कान झाकला.

"जरा उजवीकडे घ्या," स्टुडिओवाला म्हणाला.

"राहू दे. लहानपणी कान धरायचीच ती माझा. उद्या स्टेशनवर मी जाणार आहे, कुणी मध्ये यायचं नाही."

त्यांनी प्रोग्रॅम बंद करायला घेतला. पडद्यावर प्रश्न आला. दादांचा हात थांबला. एकदा पोळलेला माणूस तो. त्यांनी भीतभीत सगळ्यांकडे पाहिलं.

"काय म्हणू?"

"अहो, म्हणा ना!" काकू पदराने डोळे पुसत ओरडल्या. "हो म्हणा!"