पाचव्या प्रकरणातला आकडा

त्या दिवशी टायपिंगच्या दुकानात मालक नव्हते, म्हणून तो माझ्या टेबलापाशी आला. चष्म्यावर पावसाचे थेंब, आणि सदऱ्याच्या आत छातीशी धरलेलं कागदांचं बाड.

"सांगलीतल्या तीन टायपिंगवाल्यांनी परत पाठवलंय," तो म्हणाला. "तुम्ही तरी... करून बघाल?"

सगळं इंग्रजी, मध्येमध्ये समीकरणं. मला काही कळलं नाही, तरी मी हो म्हणाले.

आकाराम त्याचं नाव. तो मुंबईत पदार्थविज्ञानात पीएच.डी. करत होता, वडील आजारी म्हणून घरी आला होता. मी टाइप करायची, तो शेजारी बसून मोकळ्या जागांत शाईनं समीकरणं भरायचा.

"हे नेमकं आहे तरी काय?" मी एकदा विचारलंच.

"दोन प्रोटॉन प्रचंड वेगानं एकमेकांवर आदळतात. बहुतेक वेळा त्यातून भलतेच कण निघतात. पण कधीकधी... नुसती दिशा जराशी बदलते, आणि दोघंही जसेच्या तसे निघून जातात. ते किती कोनात जातात, ते मी मोजतो."

"एवढं आदळून काहीच मोडत नाही?"

"काहीच नाही." त्यानं वर पाहिलं, आणि माझं बोट भलत्याच अक्षरावर पडलं.

"खोडरबर देऊ?"

"नको. तुम्ही तेवढं वर बघू नका..."

एकाहत्तरच्या लढाईत माझे यजमान गेले, तेव्हा मी वीस वर्षांची होते. कडेगावच्या माझ्या सासूनं, बनुबाईंनी (मी त्यांना आत्याबाई म्हणायची), मला कोपऱ्यात बसू दिलं नाही; स्वतः एसटीनं सांगलीला आणून टायपिंगच्या क्लासात घातलं. हे ऐकून आकारामनं लेखणी खाली ठेवली. मग म्हणाला, "त्यांच्या एकदा पाया पडलं पाहिजे."

काम संपत आलं आणि मी अडले.

"अहो, ही संख्या सगळीकडे १.४ आहे. पाचव्या प्रकरणातच १.१ कशी?"

त्याचा चेहरा उतरला. त्याच आकड्यावर त्याचं अख्खं उत्तर उभं होतं. चार दिवस तो पुन्हा गणित मांडत बसला, मी ते प्रकरण पुन्हा टाइप केलं. जो आलेख वर्षभर जुळत नव्हता, तो जुळला.

राहिलं आभाराचं पान. टाइप करता करता मी एका ओळीशी आले : श्रीमती हौसा यांनी चूक दाखवली नसती, तर हा प्रबंध खोटा ठरला असता.

माझे हात थांबले.

"अजून एक लिहायचं होतं," तो हळूच म्हणाला. "पण ते छापता येत नाही... माझ्याशी लग्न कराल?"

"आत्याबाईंना विचारा," मी म्हणाले — आणि आवाज नको तेवढा हसरा निघाला.

रविवारी आम्ही कडेगावला गेलो. आकारामनं पाया पडून कसंबसं विचारलं. मी खाली मान घालून उभी.

"आवं, पोरीला टायपिंग शिकवलं ते जलमभर माझ्याम्होरं बसून ऱ्हायला व्हय?" आत्याबाई म्हणाल्या. "पर एक हाय. लगीन माझ्या दारात हुईल. लेक म्हणून मी धाडीन हिला."

मी त्यांच्या पायांशी वाकले. त्यांनी मला वर उठवून कुशीत घेतलं, आणि माझ्या तोंडून पहिल्यांदाच निघालं, "आई..."