खोकल्याच्या जागी प्रार्थना

"हलू नका. श्वास घ्या... पण हळू."

त्यानं मला उद्देशून काढलेले पहिले शब्द हे. आजही मन सैरभैर झालं की तोच आवाज कानाशी येतो आणि मी खरोखरच हळू श्वास घेते.

तेव्हा मात्र दचकले होते. सकाळची प्रार्थना आटोपून मी आमच्या रेडिओ केंद्रात शिरत होते. केंद्र म्हणजे काय, तर चर्चच्या मागच्या दोन खोल्या आणि मधली काच. रोज सकाळी इथून चिंतनाचा कार्यक्रम जातो. मी तो लिहिते आणि वाचते. त्या दिवशी माझ्या खुर्चीशेजारी एक अनोळखी तरुण उभा – कानांवर हेडफोन, एक हात वर, डोळे मिटलेले. खोलीत काहीच वाजत नव्हतं, आणि हा मन लावून ऐकत होता.

बाहेर भुरभुर होती. माझ्या छत्रीतला एक थेंब फरशीवर पडला. टप्.

त्यानं डोळे उघडले. "तुमची छत्री बोलली."

"मग तिला गप्प करा. मी अजून तोंडही उघडलेलं नाही."

तो हसला. त्याचे आधी डोळे हसतात, ओठ मागाहून येतात.

तो आमचा नवा ध्वनिसंयोजक होता. आणि रेकॉर्ड करत होता ती खोलीची शांतता. "प्रत्येक खोलीची वेगळी असते," तो म्हणाला. "बोलताना कुणी खोकलं तर मी खोकला कापतो. पण तिथं नुसतं भोक ठेवलं तर ऐकणाऱ्याला ठेच लागते. म्हणून त्याच खोलीची शांतता तिथं बसवायची."

"म्हणजे ठिगळ."

"रफू म्हणा हो. ठिगळ दिसतं."

आमच्या चर्चचे धर्मगुरू, पाळकसाहेब, यांनी दुसऱ्याच दिवशी त्याचं नाव 'रफूवाला' ठेवलं. घरी मावशीला मी ते सांगितलं, तर तिनं माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं.

माईकसमोर बसलं की आधी हात मांडीवर ठेवून थोडा वेळ प्रार्थना करायची, हा माझा नेम. त्याला हे कळलं तसा त्यानंही एक नेम धरला. तेवढ्या वेळापुरते तो हेडफोन काढून ठेवी आणि काचेकडे पाठ करी. रेकॉर्डिंग मात्र चालू असे, त्याला त्या दिवसाची शांतता हवी असायची.

"पाठ कशाला करता?" एकदा मी विचारलं.

"तुमचं दोघांचं बोलणं चाललेलं असतं. मधे तिसऱ्यानं कान कशाला घालावा?"

शुक्रवारी माझा उपवास असतो. त्या दिवशी तोही डबा उघडत नसे. "भूकच नाही," असं साळसूदपणे सांगायचा... आणि माईक नीट लावायला जवळ आला की त्याच्या पोटातली गुरगुर माईक इमानेइतबारे पकडायचा. आम्ही तीही कापायचो.

एकदा मी कोऱ्या कागदाकडे बघत बसले होते. काही सुचेना. काचेपलीकडून तो म्हणाला, "देवानं बोलून जग घडवलं, म्हणता ना तुम्ही? मग त्या पहिल्या शब्दाआधी काय असेल?"

"काय असेल?"

"तो गप्प असेल. कंटाळून नव्हे... काहीतरी मनात असल्यासारखा."

त्या आठवड्यातलं सगळं लेखन त्या एका वाक्यावर निघालं. मी आभार मानले, तर म्हणाला, "बोलण्याचं काम तुमचं, गप्प बसायचं माझं. दोघांचं मिळून बरं चाललंय की."

बरं चाललंय. हे दोन शब्द मी घरी जाईपर्यंत मनात घोळवत होते.

मग एकाच आठवड्यात दोन बातम्या आल्या. पाळकसाहेब निवृत्त होऊन दूरच्या गावी लेकीकडे राहायला जाणार होते. पहिलं नातवंड यायचं होतं. रेडिओचं काम त्यांनी माझ्यावर सोपवायचं ठरवलं. आणि रफूवाल्याला एका मोठ्या स्टुडिओचं बोलावणं आलं.

"छान झालं," मी म्हटलं.

"छान... हो," तो म्हणाला. मग बराच वेळ एक वायर गुंडाळत बसला. ती आधीच गुंडाळलेली होती.

दुसऱ्या सकाळी मी माईकसमोर हात मांडीवर ठेवून बसले. एरवी मी मनातच प्रार्थना करते. त्या दिवशी ते कसं ओठांवर आलं, देव जाणे. "प्रभू, त्यांना इथून जाऊ देऊ नकोस. मला त्यांची फार सवय झालीय." अगदी पुटपुटले. काचेपलीकडे त्याची पाठ होती.

त्यानंतर त्याच खुर्चीत पाळकसाहेब बसले. त्यांचं निरोपाचं भाषण होतं, पुढारीपणावर. 'पुढे चालणाऱ्यानं मागच्याचं पाऊल बघावं' असं काहीसं. साहेबांना सर्दी झाली होती. ते सारखे खोकत होते. रफूवाल्यानं सगळे खोकले कापले आणि त्या जागी सकाळची शांतता बसवली. पडद्यावर ती सरळ रेघ दिसत होती, म्हणून त्यानं ती ऐकून पाहिली नाही. पण आमचं प्रसारणाचं यंत्र जुनं आहे, ते बारीक आवाज वर उचलतं.

भाषण हवेवर गेलं. साहेब एक वाक्य बोलत, थांबत... आणि त्या थांब्यात माझा आवाज कुजबुजे, "प्रभू, त्यांना इथून जाऊ देऊ नकोस." पुढचं वाक्य. पुन्हा खोकल्याची जागा. "मला त्यांची फार सवय झालीय."

मावशीचा फोन आला. "अगं, सगळ्या म्हाताऱ्या डोळे पुसतायत. पाळकांवर किती जीव पोरीचा, म्हणतात." मग जरा थांबून म्हणाली, "पाळकांवरच ना गं?"

"मावशी, ठेवते मी."

दुपारपर्यंत मंडळींनी ठरवूनही टाकलं की साहेबांना जाऊ द्यायचं नाही. संध्याकाळी तशी बैठकच बोलावली. साहेबांचाही फोन आला. आवाज ओला होता. "बाळ, तुझी प्रार्थना ऐकली. एवढी ओढ असेल तर मी कसा जाऊ? लेकीला कळवतो, नंतर बघू म्हणून." मला काही बोलायला सुचायच्या आत त्यांनी फोन ठेवला.

मी केंद्रात गेले. तो डोकं धरून यंत्रासमोर बसला होता.

"माझी चूक," तो म्हणाला. "मान राखायला म्हणून हेडफोन काढले आणि गावभर ऐकवलं. तुम्ही पाळकसाहेबांसाठी इतक्या मनापासून... मी सांगतो बैठकीत, यंत्रात बिघाड होता म्हणून."

"बिघाड होता. पण शब्द माझेच होते."

"मग सांगण्यासारखं काय राहिलं?"

बाहेर पागोळ्या गळत होत्या. मी खुर्चीच्या पाठीवरून बोट फिरवत राहिले.

"ते पाळकसाहेबांसाठी नव्हते."

त्यानं मान वर केली. त्याचे कान हळूहळू लाल होत गेले. आवाज ओळखण्यात एवढा पटाईत माणूस, आणि हे कळायला त्याला इतका वेळ लागावा.

"मग... कुणासाठी?"

"तुम्हाला काय वाटतं? छत्रीसाठी?"

आधी डोळे हसले. ओठांना मात्र या वेळी फारच उशीर झाला.

"तुम्ही देवाला विचारलंत," तो म्हणाला. "मला कुठं विचारलंत?"

"तुम्ही पाठ करून होतात."

"आता नाही."

नव्हताच. समोर उभा होता, आणि आमच्या मधे काचही नव्हती.

"राहाल?" मी विचारलं.

"राहीन." मग जरा घाबरत, "पण तिकडे कामाला हो म्हणून कळवून बसलोय. तुम्ही 'छान झालं' म्हणालात ना... उद्या कळवतो, जमणार नाही म्हणून. आणि आता तुम्ही इथल्या प्रमुख. सुट्टी मागायला तुमच्याकडेच यावं लागणार."

"मिळणार नाही."

आम्ही दोघंही हसलो. मग माझं हसू विरलं. तिकडे एक म्हातारा माणूस नातवंडाचं तोंड बघायचं पुढं ढकलत होता, आणि तेही माझ्या आवाजावर विसंबून.

"चिठ्ठी पाठवा," तो हळूच म्हणाला. "किंवा मी येतो बरोबर. एकटीनं असलं सांगायचं म्हणजे..."

"नको. आवाज माझा होता. तो हवेवरून गेला खरा, पण खुलासा तोंडानंच करायला हवा. उद्या कार्यक्रमातही सांगेन, आधी साहेबांना. बैठकीच्या आत. वचन देते."

"मला?"

"तुम्हालाही."

त्यानं दार उघडून धरलं. बाहेर पडताना त्याची बोटं माझ्या मनगटाला लागली आणि तिथंच राहिली... क्षणभर. पाऊस ओसरला होता. समोरच्या सायकल दुकानात कुणीतरी चाक फिरवून बघत होतं. साहेबांचं घर पुढच्याच गल्लीत आहे. काय बोलायचं ते मी ठरवलं नव्हतं, आणि कधी नव्हे ते त्याची भीतीही वाटत नव्हती. कोटाची बटणं लावली, आणि साहेबांनी लेकीला फोन लावायच्या आत पोचायला हवं म्हणून नेहमीपेक्षा जरा लांब पावलं टाकत निघाले.