सरळ ठेवलेला रांजण

शेवटच्या चढावर रत्नदीप पुढे, काजल मध्ये आणि प्रेरणा सगळ्यांत मागे. रोजच्यासारखंच.

"तू येईपर्यंत मी एक डुलकी काढतो," रत्नदीप वरून म्हणाला.

"काढ. घोरताना तोंडात माशी जाईल, तेवढी सांभाळजो," प्रेरणाने खालूनच सुनावलं.

दिवाळीच्या सुट्टीत तिघांनी हा नेमच धरला होता. तळेगावजवळच्या आपल्या गावातून निघायचं आणि सागाच्या जंगलातून पाच किलोमीटर पळत डोंगरावरच्या वनकुटीपाशी पोचायचं. रविवारी तिथपर्यंतच शर्यत होती.

कुटीच्या दारात एक रांजण असे. वनमजूर तानबाकाका रोज पहाटे मागच्या विहिरीचं पाणी शेंदून तो भरत आणि झाकणावर पळसाच्या ताज्या पानाचा द्रोण ठेवत. विहीर खोल, काकांची पाठ म्हातारी, म्हणून त्यांनी मुलांना नियम घातला होता : आज पाणी प्यालात, तर उद्या येताना एक बाटली आणून रांजणात ओतायची.

पहिल्या दिवशी प्रेरणा अर्ध्या वाटेत रडत बसली होती. तेव्हा काका तिच्यासोबत वरपर्यंत चालत आले होते. पहिली येऊ नको, फक्त पोच, एवढंच ते म्हणाले होते. त्यानंतर ती एकदाही अर्ध्यातून परतली नव्हती.

आज मात्र रांजण रिकामा होता. द्रोणही कालचाच, वाळून कुरकुरीत झालेला.

कुटीमागच्या खडकावरच तेवढी रेंज येते. रत्नदीपने तिथे चढून भैय्याजींना फोन लावला. शर्यत त्यांनीच ठरवली होती. काल त्यांनी काकांना केशरी रिबिनींचं भेंडोळं देऊन गावातून कुटीकडे येणाऱ्या, नाल्याकाठच्या नव्या वाटेवर खुणा बांधायला सांगितलं होतं. भैय्याजी बॅनर लावण्याच्या गडबडीत होते. तानबाचा फोन लागत नाही, म्हणजे भाऊबीजेला बहिणीकडे हिंगणघाटला गेला असेल, असं सांगून त्यांनी फोन ठेवला.

काजलला ते पटलं. प्रेरणा मात्र रांजणाकडेच बघत होती.

"काका गावाला गेलेच नाहीत," ती म्हणाली. "गेले असते तर रांजण उपडा असता."

अगदी खरं! मागच्या आठवड्यात काका दोन दिवस आष्टीला गेले, तेव्हा आत विंचू शिरू नये म्हणून रांजण उपडा घालून गेले होते. आज तो सरळ होता. म्हणजे काका इकडेच यायला निघाले होते, आणि पोचले नव्हते.

तिघं नव्या वाटेने खाली उतरू लागली. एकाही झाडाला रिबीन नव्हती. मग एका वळणावर सागाच्या फांदीला पहिली दिसली आणि तिच्याखाली, कोरड्या नाल्यातल्या दगडांवर, उरलेलं भेंडोळं उलगडून पडलेलं. त्याच्या टोकाशी तानबाकाका होते. घोटा टम्म सुजलेला, मोबाइल फुटलेला, ओठ सुकलेले.

प्रेरणाने रांजणासाठी आणलेली बाटली त्यांच्या ओठांना लावली.

"हे तर रांजणाचं पानी," काका पुटपुटले.

"बरोबर जागी पोचलं," प्रेरणा म्हणाली.

रत्नदीप अॅम्ब्युलन्सला फोन करायला खडकाकडे पळाला. काजल काकांचं डोकं मांडीवर घेऊन बसली. पण काकांना उचलून न्यायला माणसं हवी होती, बाज हवी होती, आणि बॅनरच्या गडबडीत भैय्याजी पुन्हा फोन उचलतील याचा भरवसा नव्हता. गावाकडे निघाली ती प्रेरणा.

इथून खालची वाट तिने कधी पाहिली नव्हती. पण प्रत्येक वळणावर काकांनी पहाटे बांधलेली रिबीन होती. एक संपली की पुढची दिसायची. ती कुठेही थांबली नाही.

बाज घेऊन माणसं आली, तेव्हा पुढचा खांदा भैय्याजींचाच होता. "चूक माही हाय, तानबा," ते सगळ्यांसमोर म्हणाले. "तुले एकट्याले धाडलं, अन् पोचला का, हेबी नाई विचारलं. या पोराइनं विचारलं."

रविवारी धावणाऱ्या प्रत्येकाच्या हातात पाण्याची एक बाटली होती. तशी अटच भैय्याजींनी घातली होती. प्रेरणा सतरावी आली.

संध्याकाळी तिघं काकांच्या घरी गेली. प्लास्टरमधला पाय उशीवर ठेवून ते अंगणात बसले होते. कोण जिंकलं, हे त्यांनी विचारलंच नाही.

"रांजण भरला काय?"

"काठोकाठ," रत्नदीप म्हणाला.

"अन् द्रोण?"

"मी केला," प्रेरणा म्हणाली. "थोडा गळतो."

"गळू दे, माय." काकांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "तुहं पानी मले पोचलं."