अंगठ्याची किल्ली

नायरीला तो आधी दिसला तो घोट्यापर्यंतच.

ती टेबलाखाली होती. वर व्हांगारे बंदराच्या धक्क्यावरचा तिचा नि वडिलांचा शिडांचा कारखाना, आणि दारात दोन ओल्या चपला.

"होडीचं छत शिवायचं होतं... कुणी आहे का?"

"आहे! कशाला हात लावू नका!"

चपलांचा मालक वाकला. सेमिसी नाव त्याचं. नायरी कॉम्प्युटरच्या पाठीत खोचलेल्या डोंगलवर अंगठा दाबून बसलेली. ही बोटाएवढी किल्ली हलली, की शिडं आखायचा प्रोग्रॅम बंद. आत तिच्या वडिलांची, माटियूंची, तीस वर्षांच्या शिडांचे आराखडे. किल्ली बनवणारी कंपनी केव्हाच बुडाली होती आणि किल्लीचाही जीव जात आला होता.

"मदत करू? जुनी यंत्रं चालती ठेवणं हेच माझं काम आहे."

"आमची शिडं आमची आम्ही उघडतो."

"उघडा की! पण अंगठा किती वर्षं पुरेल?"

तिला राग यायला हवा होता. आलं हसू.

"प्रोग्रॅम हिला प्रश्न विचारतो, ही उत्तर देते," तो म्हणाला. "ही जिवंत आहे तोवर दोघांचं बोलणं टिपून घ्यायचं. मग हीच उत्तरं देणारा छोटा प्रोग्रॅम लिहितो. किल्ली नको, अंगठा नको."

"दुसऱ्यांचं बोलणं चोरून ऐकता तर!"

"ऐकण्यासारखं असलं तरच..."

दुसऱ्या दिवशी तो वायरी, लॅपटॉप आणि घरच्या झाडाची हिरवी फेजोआ फळं घेऊन आला. तीन तास तिनं अंगठा दाबून धरला. तो अर्धं फळ धरायचा, ती मोकळ्या हातानं चमच्यानं गर खायची.

शुक्रवारी त्याचा छोटा प्रोग्रॅम तयार झाला आणि नायरीनं किल्ली उपटून खिशात टाकली. शिडांचा प्रोग्रॅम तरीही उघडला! माटियू पडद्याला नाक लावून बघत राहिले.

"ही माझी रेघ. आणि ही... ही तुझी. एकोणीस वर्षांची होतीस, मला न विचारता बदललीस." त्यांनी त्या रेघेवर बोट टेकवलं. "माझ्यापेक्षा सरस आहे, पोरी."

बाबांना हे सगळी वर्षं ठाऊक होतं! अभिमानानं तिचा ऊर भरून आला. डोळे पुसत ते बाहेर गेले.

सेमिसी वायरी गुंडाळत पुटपुटला, "एक कबूल करायचंय... त्या दिवशीचं टिपणं वीस मिनिटांतच संपलं होतं. तू आवडलीस, म्हणून—"

"माहीत आहे. तुझ्या लॅपटॉपवर 'पूर्ण' असं आलं होतं. मला वाचता येतं."

"मग अंगठा का नाही काढलास?"

नायरीची मान ताठच होती. गाल मात्र लाल झाले.

"अजून दुखतोय," ती धडधडीत खोटं बोलली, आणि तिनं हात पुढे केला.