बोकडाचा होकार

खराडीतल्या त्या काचेच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये एक बोकड उभा होता आणि त्याच्या गळ्यात कंपनीचं ओळखपत्र होतं. फोटो अर्थातच त्याचा नव्हता. ज्या मुलीचा होता, ती शेजारीच उकिडवी बसून त्याला डब्यातली पोळी भरवत होती.

इंद्रजीत धापा टाकत पोचला. दावं तोडून पळालेल्या बोकडामागे धावून त्याच्या शर्टाची पार दैना झाली होती.

"अहो, तो आमचा आहे!"

"ओळखपत्रावर तर माझं नाव आहे. कल्याणी," ती वर न बघताच म्हणाली. "वॉचमन काठी घेऊन धावला, म्हणून याला स्टाफमध्ये घेतलं. कशासाठी पाळलाय?"

इथे एखादी थाप सहज मारता आली असती. पण तिने मान वर केली आणि इंद्रजीतला थाप काही सुचेना.

"आखाड आहे ना... लक्ष्मीआईला द्यायचाय. येत्या मंगळवारी."

पोळी धरलेला हात थांबला.

"तुम्ही... जैन का?"

"बौद्ध."

"पण बौद्ध लोक तर—"

"खातात की! माझे पप्पा तर शेजारच्या ताटातलंही खातात." ती हसली. "पण दर पौर्णिमेला आम्ही पहिलं शील म्हणतो, कुठल्याही जिवाची हिंसा करणार नाही म्हणून. एका रविवारी रस्सा पुढ्यात आला आणि वाटलं, आपण हे नुसतं म्हणतोच का? त्या दिवशी सोडलं. आणि प्लीज, 'किती शुद्ध हो तुम्ही' असं म्हणू नका. ते ऐकलं की मला पप्पांच्या पंगतीला बसावंसं वाटतं. शुद्ध-अशुद्ध आमच्या आजोबांनी कधीच फेकून दिलंय. मला फक्त... याचा जीव महत्त्वाचा वाटतो."

त्या दिवसापासून इंद्रजीतचं स्वतःच्या सिमेंट-वाळूच्या दुकानात लक्ष लागेना. इमारतीच्या मागचा जमिनीचा तुकडा त्यांच्याच घरचा, बोकड तिथेच बांधलेला. दुपारच्या सुट्टीत कल्याणी कुंपणाशी यायची, बोकडाला भेटायला. इंद्रजीतही यायचा... बोकडालाच भेटायला! अहो-जाहोचं अरे-तुरे कधी झालं ते फक्त त्या बोकडाला ठाऊक, आणि तो मेथीच्या काड्या चघळण्यात दंग.

"आम्ही जबरदस्ती नाही करत हं," एकदा इंद्रजीत म्हणाला. "आधी त्याला विचारतो. अंगावर पाणी ओतायचं. त्याने अंग झाडलं की देवीचा कौल मिळाला."

"आणि नाही झाडलं तर?"

"पुन्हा ओततो."

"तरी नाही झाडलं तर?"

"मग... कानात ओततो."

"म्हणजे होकार येईपर्यंत विचारत राहता." ती रागावली नव्हती, हेच वाईट होतं. "असं एखाद्या मुलीला विचारणाऱ्याला आम्ही काय म्हणतो, माहितीये?"

इंद्रजीतला माहीत होतं. मटणातली नळी ओढण्यात त्याचा हात धरणारा भावकीत कुणी नव्हता, पण त्या रात्री ताटातली नळी तशीच राहिली. आणि मंगळवारी तांब्या त्याच्याच हाती येणार होता. थोरला नातू ना तो!

मंगळवार उजाडला. दोन टॉवरच्या मधल्या इवल्याशा देवळापुढे भावकी जमली. हळदकुंकू लावून, झेंडूची माळ घालून बोकड उभा केला. इंद्रजीतने पाणी ओतलं. बोकडाने शांतपणे माळेतलं एक फूल तोडून खाल्लं.

"अजून ओत," जयसिंगकाका म्हणाले.

इंद्रजीतने तांब्या खाली ठेवला.

"विचारलं, काका. नाही म्हणाला तो."

"आरं, खुळा का काय तू? मसाला वाटून तयार हाय! देवी कोपली तर कुणाच्या माथी?"

"माझ्या," इंद्रजीत म्हणाला.

सगळ्यांच्या नजरा सोजरबाईंकडे वळल्या. आजीचा शब्द घरात शेवटचा. त्यांनी पदर सावरला.

"जयसिंगा, गप. लगीन करून आले तवापासनं दर आखाडात मी हितं डोळं मिटूनच हुबी ऱ्हाते. देवी बी आईच हाय न्हवं? लेकरू नगं म्हनतंय, तर तिला तरी ऐकू द्या. सोडा त्याला देवीच्या नावानं, आन पुरान शिजवा."

काका धुसफुसले, पण आजीपुढे कुणाची प्राज्ञा! घरी जाताना सोजरबाईंनी नातवाला हळूच जवळ ओढलं.

"पोरगी कुठली हाय?"

इंद्रजीतचे कान लाल झाले. "बिबवेवाडीची. बौद्ध आहे, आजी."

आजी चार पावलं पुढे चालल्या. मग म्हणाल्या, "आन मटान खात न्हाई? मंग तुझं कसं व्हायचं रं, नळीवाल्या?"

श्रावण पाळला, त्यात काही नवल नव्हतं. श्रावण सगळेच पाळतात. पण गणपतीही गावाला गेले आणि तरी इंद्रजीत मटणाच्या पातेल्याकडे वळेना, तेव्हा घरात कुजबुज सुरू झाली. अशाच एका दुपारी, परतीचा पाऊस नुकताच थांबलेला असताना, कुंपणाजवळच्या कडुनिंबाखाली तो कल्याणीसमोर उभा राहिला. बोकड आता अंगाने चांगलाच सुटला होता आणि दोघांच्या मध्ये ऐसपैस बसला होता.

"त्या दिवशी याने अंग झाडलं असतं तर?" तिने विचारलं.

"खरं सांगू? तरी तांब्या खालीच ठेवला असता." त्याने हातातल्या मेथीच्या काड्या बोकडापुढे टाकल्या. "कल्याणी, मला तू फार आवडतेस. तुझ्या घरी काय म्हणतील माहीत नाही, माझ्या घरी तर रणकंदन होईल. तरी... माझ्याशी लग्न करशील? एकदाच विचारतोय. नाही म्हणालीस तर पुन्हा नाही विचारणार."

ती बोकडाचे कान खाजवत राहिली.

तेवढ्यात वारा आला. कडुनिंबावरचं साचलेलं पाणी नेमकं तिच्यावर कोसळलं. ती शहारली आणि केस, खांदे, ओढणी, सगळं झटकन झाडलं! बोकडानेही मान वर करून पाहिलं.

इंद्रजीत हलला नाही.

"बघ की," ती ओल्या पापण्यांआडून म्हणाली, "अंग झाडलं मी. मिळाला ना कौल?"

"पाणी पडलं की कुणीही अंग झाडतं," तो म्हणाला. "मी उत्तराची वाट बघतोय."

कल्याणीने त्याच्याकडे पाहिलं... चांगलं डोळे भरून पाहिलं. मग बोकडाला ओलांडून ती या बाजूला आली.

"हो," ती म्हणाली.