मंजुरीचा शिक्का

"उद्या सकाळी मला काढून टाकतील. पाठोपाठ घरही जाईल," ताई म्हणाली आणि पाण्याचा पेला तोंडाला न लावताच खाली ठेवला.

वहिनींनी खुर्ची पुढे ओढली. खाजगी तपास हा त्यांचा व्यवसाय. नवऱ्याचा धाकटा भाऊ, म्हणजे भावजी, हे त्यांचे मदतनीस. मदत कमी आणि प्रश्न जास्त, पण माणूस सोबतीला बरा.

"घर का जाईल?" भावजींनी विचारलं.

"आमची सरकारी पाठबळाची घरकर्ज कंपनी. माझं घर तिच्याच सवलतीच्या कर्जावर आहे. चोरीचा ठपका ठेवून काढलं, तर सगळं कर्ज एकदम मागतात. लोकांना घरं मिळवून देणारे आम्ही, आणि स्वतःच्याच घरात कोंडलेले."

ताई मंजुरी विभागात होती. मंगळवारी संध्याकाळी साहेबांनी तिला केबिनमध्ये बोलावून नोकरकपातीची बातमी दिली. ती ऐकून ती इतकी भांबावली की टेबलावर ठेवलेल्या शिक्क्याचं भानच राहिलं नाही. कपाटाला कुलूप लावलं आणि घर गाठलं. बुधवारी सकाळी सगळ्यांदेखत कपाट उघडलं, तर शिक्का नव्हता. आज, गुरुवारी, पहारेकऱ्याने झडती घेतली तेव्हा तो तिच्याच खणात कागदांखाली सापडला.

"तुमचा कामाचा दिवस सुरू कसा होतो?" वहिनींनी विचारलं.

"कुलूप काढायचं, शिक्का काढायचा, त्यावरची तारीख फिरवायची, मग चहा. साहेबांचा नियमच आहे तसा. पण त्याचं आता काय?"

"असू द्या. चला, तुमचं ऑफिस बघू."

कार्यालय सुटायला थोडाच वेळ होता. अर्ध्या खुर्च्या रिकाम्या होत्या आणि त्यांच्यावरचे दिवे काटकसर म्हणून बंद होते. उजेडात बसलेली माणसं मान वर करत नव्हती. वर बघणारा आधी जातो, असा तिथे समज झाला होता. खिडक्या होत्या, पण त्या उघडायलासुद्धा परवानगीचा अर्ज लागे.

साहेबांनी पारदर्शक पिशवीत मोहोरबंद केलेला शिक्का पुढे केला. खणातून निघाला तसाच तो पिशवीत गेला होता. मधोमध तारखेच्या बारीक चकत्या होत्या.

भावजींनी वाकून तारीख वाचली. "बुधवारची! म्हणजे चोराने तो बुधवारी वापरला."

"छे," साहेब म्हणाले. "बुधवारी एकही कागद मंजूर झालेला नाही, मी स्वतः तपासलंय. दिवसभर काम ठप्प होतं. पण शिक्का दडवला म्हणजे खोट्या मंजुऱ्यांचाच बेत असणार. नियम स्पष्ट आहे."

"कपात कितीची?"

साहेबांनी दार लावून घेतलं. "ताई आणि काका, दोघांतून एक. तीही मंगळवारी तेच विचारत होती. मी काय करू? वरून हुकूम येतो, खालून शिव्या येतात. इकडे आड, तिकडे विहीर."

"तुम्ही स्वतः शिक्का वापरता?"

"मी फक्त सही करतो. मंगळवारी ताई केबिनमधून गेल्यावर मी वरच्या मजल्यावर बैठकीला गेलो, तो रात्रीच खाली आलो."

बाहेर आवक टेबलावर एक तरुणी होती. सगळे तिला 'घाई' म्हणत. ती बोलतानाही कागदांवर पोचेचे शिक्के मारत होती.

"ताईंनी घेतला नसणार. पण मी कशाला बोलू? माझी नोकरी अजून कच्ची आहे."

भावजींनी तिचा एक कागद उचलला. "अहो, ही तारीख कालची आहे!"

"अगंबाई! हे माझं रोजचंच. दुपारपर्यंत कुणीतरी ओरडल्यावरच फिरवते. आज कुणी ओरडलंच नाही!"

काका ताईच्या शेजारच्या टेबलावर बसत. त्यांचे डोळे लाल झाले होते.

"पोरीसारखी आहे हो ती मला. मंगळवारी साहेबांनी बोलावलं तेव्हा मी इथे आवराआवर करत होतो. शिक्का टेबलावर दिसला होता मला. कपाटात ठेवला असता, तर हे रामायण घडलंच नसतं." काकांनी पेनाला टोपण लावलं, आपल्या आवक शिक्क्याची चकती अंगठ्याने एक घर पुढे सरकवली आणि त्यावर झाकण ठेवलं. "उभा जन्म शाखेच्या खिडकीवर काढला. सकाळी दार उघडण्याआधीच लोकांची रांग लागलेली असायची. इथे आलो तो शांत दिवस काढायला."

"तुमचंही घर कंपनीच्याच कर्जावर?"

"कुणाचं नाही?" काका म्हणाले.

वहिनींनी सगळ्यांना केबिनमध्ये बोलावलं.

"चोराने शिक्का वापरला नाही," त्या म्हणाल्या. "तरी तारीख मंगळवारची बुधवारची झाली. का? ताई तारीख सकाळी फिरवतात. बुधवारी सकाळी शिक्का त्यांच्या हातात नव्हता. त्यांनीच मंगळवारी दडवला असता, तर त्यावर मंगळवारच राहिला असता."

"मग पहारेकऱ्याने फिरवली असेल," भावजी म्हणाले.

"भावजी, शिक्का खणातून निघाला तो थेट पिशवीत गेला. तारीख फिरवून कुणाचाच फायदा नव्हता, म्हणजे ती मुद्दाम फिरवलेली नाही. हाताला सवय असते ना, तशी फिरली. साहेब शिक्का धरत नाहीत. घाईची तारीख मागेच पडते. संध्याकाळी उद्याची तारीख लावून ठेवणारा इथे एकच माणूस आहे. सकाळी रांग अंगावर यायची, त्या खिडकीवर लागलेली सवय. जित्याची खोड. आत्ताच माझ्यासमोर गुरुवारचा शुक्रवार केलात, काका."

काका भिंतीला टेकले.

"शिक्का उचलून ताईच्या खणात दडवताना अंगठा आपोआप फिरला असणार," ते हळूच म्हणाले. "मला कळलंसुद्धा नाही. साहेबांनी मलाही आधीच सांगितलं होतं. दोघांतून एक म्हणजे मीच, हे ठरलेलंच होतं. या वयात मला कोण ठेवणार? बायको अंथरुणाला खिळलेली. तिला घेऊन कुठे जाऊ? ताई, तू तरुण आहेस. तुला कुठेही मिळेल, असं मी मनाला समजावलं."

"माझं घर जाणार हे माहीत होतं तुम्हाला," ताई म्हणाली.

"माहीत होतं."

साहेबांनी फोन उचलून वर कळवलं. ठेवताना त्यांचा चेहरा उजळला होता. "चला, सुंठीवाचून खोकला गेला. एक जागा कमी करायची होती, झाली. भरपाईसुद्धा द्यावी लागणार नाही. ताई, तुमची नोकरी पक्की."

काका दारापर्यंत गेले आणि थांबले. "घरी काय सांगू ग तिला?"

ताईला त्यांची चीड येत होती आणि कीवही, आणि दोन्हीची लाज वाटत होती.

"तुम्ही सुटलात," भावजी मायेने म्हणाले. "आता घरी जा बघू."

"कशी जाऊ?" ताई म्हणाली. "साहेबांनी काकांचं कामही आजपासून माझ्यावर टाकलंय."

तिने काकांच्या टेबलावरचा गठ्ठा उचलून आपल्या टेबलावर ठेवला आणि पहिला कागद उघडला.